शाहूपुरीची गूळपेठ

जगांत कांहीं पदार्थ असे आहेत कीं त्यांचें नांव आणि त्यांच्या भूमीचें नांव हीं एकमेकांपासून वेगळीं करतां येत नाहींत. पोर्तुगालांतील पोर्तो या बंदरांतून जें गोड मद्य बाहेर पडलें तें ‘पोर्ट’ झालें. फ्रान्समधील शांपेन प्रांतांत द्राक्षांच्या रसापासून जें फेसाळ मद्य निघालें तें त्या प्रांताच्याच नांवानें जगाला माहीत झालें. दक्षिण महाराष्ट्रांत पंचगंगेच्या कांठीं द्राक्षाच्या ठिकाणीं ऊंस आहे, आणि मद्याच्या ठिकाणीं गूळ आहे. परंतु गोष्ट तीच आहे. मुंबई-पुण्याची गृहिणी वाण्याच्या दुकानांत गेली म्हणजे ‘गूळ द्या’ एवढें म्हणून थांबत नाहीं. ‘कोल्हापुरी आहे ना?’ असें विचारते. हा एक शब्द मिळवावयास कोल्हापूरला किती खटपट करावी लागली, तो कोणीं मिळवून दिला, आणि तो राखणें किती अवघड आहे, याचा इतिहास शाहूपुरी या एका पेठेच्या इतिहासांत सांठविलेला आहे.

कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग आहे. तेथें पडणारा मुसळधार पाऊस कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या खालीं घेऊन येतात. लोकांच्या श्रद्धेप्रमाणें गुप्त सरस्वती ही पांचवी. चिखलीच्या प्रयागाशीं या साऱ्या एक होतात आणि पंचगंगा कोल्हापूरच्या अंगणांतून पूर्वेकडे कृष्णेला भेटावयास जाते. या नद्यांनीं वर्षानुवर्षें आणून टाकलेल्या गाळाची, पाणी धरून ठेवणारी जमीन उंसाला मानवते. त्यामुळें ऊंस आणि गूळ या प्रांताला नवे नव्हेत. पुंड्या जातीचा जाड, मऊ ऊंस, लांकडी लाटांचा घाणा, त्याभोंवतीं फिरणारी बैलांची जोडी आणि चुलाणावर रटरटणारी काहील, हें दृश्य शाहू महाराजांच्या पूर्वींहि येथें होतें.

त्या काळीं गूळ होत होता; परंतु ‘कोल्हापुरी गूळ’ होत नव्हता. गुळाच्या गाड्या आणि बैलांचे तांडे फोंडा किंवा आंबा घाट उतरून कोंकणांतील बंदरांकडे जात, आणि परत येतांना मीठ, नारळ, सुपारी घेऊन येत. घाटाची वाट अवघड. पावसाळ्याचे चार महिने ती बंदच. वाटेंत गुळाला ओल लागली म्हणजे तो पाघळे, आणि पाघळलेल्या गुळाला भाव कसला? शिवाय शेतकऱ्याचा गूळ बहुधा काहिलींतून उतरण्यापूर्वींच सावकाराच्या वहींत जमा झालेला असे. लागणीला कर्ज, खताला कर्ज, घाण्याच्या भाड्याला कर्ज. त्या कर्जाच्या फेडीसाठीं गूळ सावकाराच्या दारांत जाऊन पडे. तो म्हणेल तें वजन आणि तो देईल तो भाव. माल चांगला केला काय आणि वाईट केला काय, उत्पादकाला फरक फारसा पडत नसे. ज्या बाजारांत गुणाला वेगळें मोल मिळत नाहीं, त्या बाजारांत गुण वाढत नाहीं. कोल्हापूरच्या भूमींत गोडी होती, पण त्या गोडीची पारख करणारें स्थान नव्हतें.

ही स्थिति पालटण्यास पहिलें कारण झालें तें आगगाडीचें. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा सुमारें तीस मैलांचा लोहमार्ग इ. स. १८९१ मध्यें सुरू झाला. त्याच्या कामाच्या आरंभाचा समारंभ १८८८ सालीं झाला होता, आणि तो ज्यांच्या हस्तें झाला ते बाल महाराज म्हणजेच पुढचे राजर्षि शाहू छत्रपति. मिरजेस दक्षिणेंतील मोठा लोहमार्ग मिळत असल्यामुळें कोल्हापूरचा माल एकदम पुण्या-मुंबईपर्यंत आणि तेथून गुजराथपर्यंत जाऊं शकेल अशी सोय झाली. पण आगगाडी ही नुसती वाट आहे. वाटेवर माल आणून उभा करणारी पेठ नसेल, तर वाट रिकामीच राहते.

शाहू महाराजांनीं १८९४ च्या एप्रिलांत राज्यकारभाराचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां त्यांचें वय विसाव्या वर्षांत होतें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८९५ सालीं, त्यांनीं शहराच्या पूर्वेस, स्टेशनाला लागून, नवी व्यापारी पेठ वसविली. हीच शाहूपुरी. पुढें वसतिगृहें, सक्तीचें प्राथमिक शिक्षण, राखीव जागा यांसारख्या ज्या मोठ्या सुधारणांनीं महाराजांचें नांव अजरामर केलें, त्यांच्या तेजांत ही पेठेची गोष्ट मागें पडते. तथापि कालानुक्रमानें पाहिलें तर त्यांच्या कारकीर्दीच्या अगदीं आरंभींच्या कामांपैकीं हें एक आहे. प्रजेला शिक्षण द्यावयाचें तर प्रजेच्या हातांत दोन पैसे हवेत, आणि पैसे यावयाचे तर तिच्या घामाच्या मालाला उघड बाजार हवा, हा विचार त्या कामाच्या मुळाशीं दिसतो.

पेठ वसविणें म्हणजे रस्ते आंखणें नव्हे. रस्ते आंखले म्हणून व्यापारी येत नाहीं. महाराजांनीं व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन बोलाविलें. लिंगायत वाणी, गुजराथी, मारवाडी अशा नाना समाजांच्या पेढ्या येथें उभ्या राहिल्या. आडत्याचें दुकान, मागें वखार, पुढें माल उतरविण्यास ओटा, आणि हाकेच्या अंतरावर मालगाडी, अशी ती रचना. एकाच ठिकाणीं पुष्कळ खरीददार जमले म्हणजे त्यांच्यांत चढाओढ लागते, आणि त्या चढाओढीचा लाभ विकणाराला मिळतो. पूर्वीं शेतकरी एका सावकाराच्या दारांत एकटा उभा असे. आतां त्याच्या गुळापुढें दहा खरीददार उभे राहूं लागले. हा फरक दिसावयास लहान आहे, पण गांवच्या अर्थव्यवहारांत तो क्रांतिकारक होता. चांगल्या गुळाला चार पैसे अधिक मिळतात हें डोळ्यांनीं पाहिलेला शेतकरी पुढच्या हंगामांत गूळ करतांना अधिक जपूं लागला. ‘कोल्हापुरी गूळ’ खरोखर जन्मला तो येथें.

पेठेचीं पहिलीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १८९६ च्या सुमारास दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेगाची साथ आली, आणि शतक संपतांना पुन्हा दुष्काळ. अशा काळांत नवी पेठ उठून जावयाची; शाहूपुरी उठली नाहीं. पुढें महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या जनक पित्याच्या नांवानें जयसिंगपूर वसविलें, तें मुख्यतः व्यापारी शहर म्हणूनच. पन्हाळ्याच्या बाजूस चहा आणि कॉफी यांच्या लागवडीचेहि प्रयोग त्यांनीं करून पाहिले. चहाचे मळे कांहीं कोल्हापूरचें भाग्य झाले नाहींत. गुळाची पेठ मात्र रुजली, कारण ती जमिनींत मुळांतच असलेल्या पिकाच्या आधारानें उभी होती.

तथापि पेठेला एक उणीव जाचत होती, ती पाण्याची. ऊंस बारा महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत शेतांत उभा राहतो. पावसाळ्यांत नदी दोन्ही थड्या भरून वाहते आणि उन्हाळ्यांत तिचें पात्र कोरडें पडतें. तेव्हां विहिरीवर मोट चालवून जेवढें पाणी निघेल तेवढाच ऊंस. महाराजांनीं १९०२ सालीं पाटबंधाऱ्यांचें धोरण आंखलें, आणि थोड्याच वर्षांत भोगावती नदीवर फेजिवडें गांवाजवळ मोठें धरण बांधण्याचा संकल्प केला. त्या ठिकाणच्या वसाहतीला आपल्या कन्येच्या नांवावरून त्यांनीं राधानगरी हें नांव दिलें. १९०९ मध्यें काम सुरू झालें. एका लहानशा संस्थानानें, स्वतःच्या पैशानें, एवढें धरण हातीं घ्यावें ही साधी गोष्ट नव्हती. १९१८ पर्यंत भिंत चाळीस फुटांपर्यंत चढली आणि पैशाअभावीं काम थांबलें. १९२२ च्या मे महिन्यांत महाराज निवर्तले, तेव्हां धरण अपुरेंच होतें. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत तें पुन्हा हातीं घेतलें गेलें, आणि संस्थान मुंबई राज्यांत विलीन झाल्यानंतर, १९५० नंतरच्या दशकांत, तें पुरें झालें. लोखंडी खांचांत फळ्या बसवून नदीचें पाणी अडवावयाचें आणि पावसाळ्यापूर्वीं त्या काढून घ्यावयाच्या, ही बंधाऱ्यांची पद्धतहि याच भागांत रूढ झाली. म्हणून आज साऱ्या महाराष्ट्रांत तिला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असें म्हणतात. वरून धरणाचें सोडलेलें पाणी आणि खालीं ठिकठिकाणीं अडविलेलें पाणी, या जोडीमुळें नदीकांठचीं गांवें उन्हाळ्यांतहि हिरवीं राहूं लागलीं.

पाण्याबरोबर ऊंसहि पालटला. कोइमतूर येथें १९१२ सालीं उंसाच्या पैदाशीचें केंद्र निघालें, आणि तेथून आलेल्या ‘को ४१९’ सारख्या जातींनीं जुन्या पुंड्याला हळूहळू मागें सारलें. लांकडी घाण्याच्या जागीं लोखंडी चरक आला. बैलांच्या जागीं प्रथम तेलाचें इंजिन आणि मागाहून विजेची मोटर आली. यंत्र दुरुस्त करतां करतां कोल्हापूरचे कारागीर स्वतःच इंजिनें घडवूं लागले. या शहराच्या यंत्रोद्योगाला ज्या मागणीनें हात दिला तींत गुऱ्हाळांची आणि मोटस्थळांची मागणी मोठी होती.

एवढें सगळें पालटलें. एक मात्र पालटलें नाहीं, तें म्हणजे गुळव्याचा डोळा.

ज्यानें गुऱ्हाळ पाहिलें नाहीं त्याला वाटतें कीं रस आटविला म्हणजे गूळ झाला. वस्तुतः रस आटविणें हें सर्वांत सोपें काम आहे. ऊंस तोडल्यापासून तो लवकरांत लवकर चरकांत गेला पाहिजे; तो पडून राहिला तर आंतील साखर पालटूं लागते आणि मग गूळ घट्ट बसत नाहीं. खारवट जमिनींतला किंवा वरखताचा अतिरेक झालेला ऊंस असेल, तर रंग काळपट येतो. रस काहिलींत पडला म्हणजे त्यांत चुन्याची निवळी टाकून त्याची आंबट प्रवृत्ति मारावयाची. नंतर भेंडीचीं झाडें ठेंचून काढलेलें चिकट पाणी घालावयाचें. उष्णता लागली कीं रसांतील सारा गाळ त्या चिकट पाण्याच्या आधारानें वर येतो, आणि काळसर मळीचा जाड थर काहिलीवर तरंगतो. तो झाऱ्यानें नेमक्या क्षणीं काढावा लागतो. उशीर झाला, रसाला उकळी फुटली, कीं मळी पुन्हां आंत मिसळते, आणि मग कोणीं कांहीं केलें तरी तो गूळ स्वच्छ होत नाहीं.

खालीं चुलाणांत वाळलेल्या चिपाडांचा जाळ असतो. ज्या उंसाचा रस, त्याच उंसाचें सरपण. या धंद्याचा हा मोठा सोयीचा भाग आहे. जाळ घालणारा गडी गुळव्याच्या तोंडाकडे पाहूनच चिपाड पुढें सारतो किंवा मागें ओढतो. रस दाट होतो, फेस वर येतो, तो बसविण्यासाठीं तेलाचे थेंब टाकतात; काकवीची पायरी येते आणि जाते. शेवटीं पाकाचा बुडबुडा जड होतो, वासांत फरक पडतो. तेव्हां गुळव्या थोडासा पाक गार पाण्यांत सोडतो आणि बोटांनीं त्याची गोळी वळतो. गोळी नीट वळली, भांड्यावर आपटून तिचा टणक आवाज आला, कीं काहील उतरावयाची वेळ झाली. त्या वेळीं पाकाची उष्णता ११६ ते ११८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते, असें मोजणारे सांगतात. गुळव्याजवळ मोजण्याचें यंत्र नसतें. त्याच्याजवळ कान, नाक, बोटें आणि त्याच्या बापानें दिलेली आठवण असते. दोन अंश आधीं उतरला तर गूळ मऊ राहून पावसाळ्यांत पाघळतो; दोन अंश उशीर झाला तर करपतो. एका वेळच्या रसाला गुऱ्हाळावर आधण म्हणतात. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत त्या एका आधणांत, अर्ध्या मिनिटाच्या निर्णयावर अवलंबून असते.

उतरलेला पाक वाफ्यांत ओतून खुरप्यानें हालवितात. तो निवत निवत रवाळ होतो. मग ओलें फडकें घातलेल्या बादलीसारख्या साच्यांत तो भरतात. बाहेर निघते ती सुमारें तीस किलोची ढेप. कोल्हापुरांत तिला ‘रवा’ म्हणतात. शंभर किलो उंसापासून दहा-बारा किलो गूळ हाताला लागतो. रव्याचा रंग पिवळसर सोनेरी, मोड कणीदार, कडा टणक असली म्हणजे पेठेंत त्याची प्रतिष्ठा होते.

पेठेंतील हंगामाचा आरंभ दिवाळीच्या पाडव्याला होतो. त्या मुहूर्तावर पहिल्या रव्यांची पूजा होऊन सौदा निघतो, आणि पहिला भाव काय निघाला हें ऐकण्यासाठीं गांवोगांवचे कान टवकारलेले असतात. आडत्याच्या दारांत रव्यांच्या थप्प्या लागतात. खरीददार एका कडेचा टवका काढून हातांत फिरवितो, प्रकाशाकडे धरतो, दांतांखालीं फोडतो. गुजराथचे व्यापारी या पेठेचे जुने आणि मोठे गिऱ्हाईक. पावसाळाभर टिकेल असा कठीण व पिवळा गूळ त्यांना हवा असतो, आणि ते तो शीतगृहांत ठेवून वर्षभर विकतात. त्यामुळें अहमदाबादच्या गिऱ्हाइकाची आवड करवीर तालुक्यांतल्या गुऱ्हाळावर हुकमत गाजविते, असा हा विलक्षण संबंध आहे.

उघड बाजार झाला म्हणून अन्याय संपला, असें मात्र समजूं नये. दक्षिणेंतल्या पुष्कळ पेठांत पूर्वीं रुमालाखालीं बोटें दाबून सौदे होत. मालाचा धनी बाजूस उभा, आणि त्याच्या मालाचा भाव त्याला न कळत ठरतो! वजनांत कसर, हमाली-तोलाईची कापाकापी, उचलीवरचें व्याज, या वाटांनीं शेतकऱ्याच्या पदरचा पैसा गळत राही. जी पेठ सावकाराच्या दारांतून शेतकऱ्याला सोडविण्यासाठीं निघाली, तीच पेठ त्याला नव्या दारांत बांधूं लागली. यावर उपाय दोन अंगांनीं आला. १९३९ सालीं तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकारानें कोल्हापुरांत शेतकरी सहकारी संघ स्थापन झाला, आणि शेतकऱ्याला स्वतःची अशी खरेदी-विक्रीची संस्था मिळाली. त्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांचें नियमन करणारा कायदा झाला होता. कोल्हापुरांत १९४५ सालीं बाजार समिति आली. उघड लिलाव, तपासलेलें वजन, हिशेबाची पट्टी, या गोष्टी हळूहळू हक्काच्या झाल्या. पुढें गुळाचे सौदे शाहूपुरीच्या गल्ल्यांतून नव्या मार्केट यार्डांत गेले. त्या यार्डालाहि शाहू महाराजांचेंच नांव आहे.

आतां ज्या गोष्टीमुळें या इतिहासाला चिंतेची किनार आहे तिच्याकडे वळावयास हवें. ती गोष्ट म्हणजे रंग. पिवळ्या गुळाला भाव अधिक, म्हणून पिवळेपणाच गुण ठरला. भेंडीच्या पाण्यानें आणि गुळव्याच्या कौशल्यानें जो रंग मिळावयाचा, तो रसायनाच्या चिमटीनेंहि मिळतो हें कळल्यावर हायड्रोस नांवाची भुकटी गुऱ्हाळांत शिरली. तिनें गूळ उजळतो खरा, पण तो उजाळा फार दिवस टिकत नाहीं, आणि खाणाराच्या पोटांत नको तें गंधकाचें द्रव्य जातें. त्याहून मोठी लबाडी म्हणजे साखरेची. साखर स्वस्त झाली कीं ती काहिलींत मिसळावयाची आणि वजन वाढवावयाचें! तिसरी तऱ्हा अशी कीं दूरच्या मुलुखांतला गूळ आणावयाचा आणि कोल्हापुरी म्हणून विकावयाचा.

ज्या ज्या भूमीनें नांव कमाविलें तिच्यावर हा प्रसंग येऊन गेला आहे. पोर्तोच्या मद्याला इंग्लंडांत मागणी वाढली, तेव्हां एल्डर नांवाच्या झुडुपाच्या काळ्या फळांचा रस मिसळून फिकें मद्य गडद करण्याची चाल तेथें पडली. इ. स. १७५६ मध्यें पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानें त्या मद्याच्या प्रांताची सीमा आंखण्याची व्यवस्था केली, आणि त्या सीमेच्या आंतलीं एल्डरचीं झुडुपें मुळासकट उपटावयास लाविलीं. शांपेनमध्यें याहून भयंकर घडलें. १९१० सालीं तेथें द्राक्षांचें पीक बुडालें. बाहेरच्या प्रांतांतलीं स्वस्त द्राक्षें आणून कांहीं व्यापारी शांपेनच्या नांवानें मद्य विकतात हें पाहून द्राक्ष पिकविणारे खवळले. १९११ च्या जानेवारींत त्यांनीं व्यापाऱ्यांचीं पिंपें फोडून मद्य वाहूं दिलें, आणि एप्रिलांत आई या गांवीं व्यापाऱ्यांच्या इमारतींना आगी लाविल्या. शेवटीं फौज आणावी लागली. तेथील सीमेचा तंटा कायद्यानें मिटावयास १९२७ साल उजाडलें. कोल्हापुरांत आगी लागल्या नाहींत. पण परक्या गुळावर कोल्हापूरचें नांव पडतें तेव्हां येथील शेतकऱ्यांनीं सौद्यांत आवाज उठविलेला आहे, आणि त्या आवाजांत शांपेनच्या शेतकऱ्याचेंच दुःख आहे. नांव जमिनीनें मिळवावयाचें आणि त्याची किंमत दुसऱ्यानें घ्यावयाची, हें कोणत्याच शेतकऱ्याला सोसत नाहीं.

इकडे गुऱ्हाळापुढें दुसरा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता, तो साखर कारखान्याचा. १९३२ सालीं हिंदुस्थान सरकारनें देशी साखरधंद्याला संरक्षण दिलें, आणि त्याच दशकांत कसबा बावड्यास साखरेचा कारखाना उभा राहिला. १९५० नंतर सहकारी कारखान्यांचें युग आलें. इचलकरंजीस रत्नाप्पा कुंभार यांनीं, वारणेकांठीं तात्यासाहेब कोरे यांनीं, आणि भोगावती, कुंभी-कासारी, दूधगंगा-वेदगंगा यांच्या खोऱ्यांत इतरांनीं कारखाने उभे केले. त्यांनीं खेड्यांचें रूप पालटलें. शाळा, दवाखाने, दूधसंघ त्यांच्या आधारानें वाढले. हें ऋण कोणी नाकारणार नाहीं. पण शेतकऱ्याचा ऊंस थेट कारखान्याच्या गाडींत जाऊं लागला, तसतशीं गुऱ्हाळें थंडावलीं. ज्या गांवांत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चुलाणें पेटलेलीं असत, तेथें आतां एखाददुसरा धूर दिसतो. २०१९ च्या महापुरासारख्या आपत्तींत नदीकांठचा ऊंस कुजला, त्याचाहि तडाखा उरल्यासुरल्या गुऱ्हाळांना बसला.

तरी गुऱ्हाळ चालविणारे अजून आहेत, आणि त्याला कारण आहे. कारखान्याची उंसतोड कारखान्याच्या क्रमानें येते. गुऱ्हाळाचा धनी आपला ऊंस आपल्या सोयीनें तोडतो. गूळ पेठेंत गेला कीं पैसा थोड्याच दिवसांत हातांत येतो. जवळ गुऱ्हाळ असलें म्हणजे शेतकऱ्याला दुसरें दार उघडें राहतें, आणि दोन दारें उघडीं असणें यांतच विकणाऱ्याचें सामर्थ्य आहे. १८९५ सालीं ज्या तत्त्वावर शाहूपुरी वसली तें हेंच तत्त्व होय. खरी वाण आहे ती माणसांची. गुळव्याचा मुलगा शहरांत नोकरीला जातो, आणि पाकाच्या आवाजाची ओळख बापाबरोबर नाहींशी होते. कोल्हापुरांत ऊंस आणि गूळ यांचें संशोधन केंद्र आहे. ‘को ९२००५’ सारखी गुळाला योग्य अशी जात शेतकऱ्यांपर्यंत पोंचली आहे. रसायनाशिवाय गूळ करण्याच्या रीतीहि शिकविल्या जातात. पण अर्ध्या मिनिटाचा तो निर्णय हा कागदावर उतरत नाहीं. तो काहिलीपाशीं उभें राहूनच शिकावा लागतो.

२०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे पोर्तोच्या मद्याला अठराव्या शतकांत आणि शांपेनला विसाव्या शतकांत जें संरक्षण लाभलें, त्या जातीचें संरक्षण कायद्यानें कोल्हापूरच्या गुळाला दिलें. आतां या नांवावर दुसऱ्याचा हक्क नाहीं. परंतु कायदा परक्यापासून राखतो. आपल्यापासून राखीत नाहीं. काहिलींत साखर मिसळणारा हात कोल्हापूरचाच असेल, तर कोणतें मानांकन त्याला अडविणार? आणि काळसर पण शुद्ध गूळ मागें सारून रसायनानें उजळलेला गूळ उचलणारें गिऱ्हाईक शहरांतलें असेल, तर दोष एकट्या गुऱ्हाळावर कसा ठेवावा? अलीकडे रसायनविरहित म्हणून गडद रंगाचा गूळ मुद्दाम मागून घेणारीं घरें वाढत आहेत, हें चिन्ह शुभ आहे. पेठ गिऱ्हाइकाच्या नजरेप्रमाणें चालते. नजर सुधारली तर गूळ सुधारेल.

शाहूपुरीच्या जुन्या गल्ल्यांतून आज आगगाडीच्या शिट्या ऐकूं येतात, पण रव्यांनीं भरलेल्या गाड्यांची पूर्वींची दाटी तेथें राहिली नाहीं. पाडव्याचा सौदा मात्र अजून होतो. पहिला रवा फुटतो, टवका हातोहात फिरतो, आणि एखादा जुना व्यापारी तो दांताखालीं धरून क्षणभर थांबतो. पंचगंगेचें पाणी, गुळव्याचा डोळा आणि पेठेचा सचोटीचा तराजू या तिघांनीं मिळून कोल्हापूरला हें नांव दिलें. त्यांतलें पाणी निसर्गानें आणि राजानें दिलें, तें आहे. उरलेल्या दोन गोष्टी दर हंगामांत माणसांनीं नव्यानें द्यावयाच्या आहेत.